उलटा एन

रंगनाथ मिस्त्री माणसाला जात विचारत नसे, हत्याराला मात्र देश विचारायचा.

जुन्या नाशकात, भद्रकालीच्या एका बोळात त्याचं सुतारकामाचं दुकान. गिऱ्हाईक चौकटीचं माप सांगायला यायचं आणि हत्यारांवरचं भाषण ऐकून जायचं.

"ही करवत विलायतेची. हे रंध्याचं पातं स्वीडनचं."

"आणि हातोडा?"

"तो इथलाच. ठोकायला कुठं अक्कल लागती?"

एकोणऐंशी सालच्या दिवाळीत घोटीहून मल्हारी लोहार आला. दोघं चौथीपर्यंत एका बाकावरचे. मल्हारी भाताच्या कापणीचे विळे करायचा. पण त्या दिवशी त्याने गोणपाटातून लाकूड कोरायची एक पटाशी काढली.

"बघ रं, रंग्या. ट्रकच्या कमानीच्या पाट्याची केलीय. पाणी देता देता सहा महिने गेले. तापलेलं पोलाद कवा बुडवायचं तेच कळंना. आता जमलंय."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. रंगनाथने पटाशी हातातसुद्धा घेतली नाही.

"मल्ह्या, तू विळे कर. पटाशी म्हणजे जर्मनीचं काम."

"लाकडाला लावून तरी बघ."

"घोटीची पटाशी लावू? उद्या लोक मलाच घोटीचा माल म्हनतील!"

गिऱ्हाइकं हसली. मल्हारीही हसला. गोणपाट गुंडाळलं, चहा प्यायला आणि एस.टी. पकडून गेला.

पुढच्या वर्षी हार्डवेअरच्या दुकानात रंगनाथला जर्मन पटाशी मिळाली. घरी येऊन त्याने ती सुतळीला टांगली आणि खिळ्याने वाजवली. टण्ण! आवाज बराच वेळ खोलीत फिरत राहिला.

"ऐकलं? देशी लोखंड असं बोलत नाय."

बायको मंगलाबाई चुलीपाशी होत्या. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना त्यांच्या लेखी एकच नाव.

"जर्मनची? आपल्या दुधाच्या पातेल्यासारखी? मग पोचे येतील हो लगेच."

"जर्मनची नाही गं बाई, जर्मनीची!"

पाचवीतल्या शकूचं इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं. पात्यावरच्या छापावर बोट फिरवत ती म्हणाली, "बाबा, जर्मनीतला एन उलटा आहे."

"येडे, जर्मन लोकांचा एन असाच असतो."

शकूने दुसऱ्या दिवशी हे ज्ञान वर्गात बाईंना सांगितलं आणि तास संपेपर्यंत बाकावर उभी राहिली.

ती पटाशी दुकानातल्या कुणाला मिळायची नाही. मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेली असायची. खंडेनवमीला हत्यारं पुजायची तेव्हा करवत, रंधा, गिरमिट असं सगळं भोवती आणि ती मधोमध. त्या दिवशी जेवायला मल्हारी ठरलेला. त्याचा पाट भिंतीकडचा.

"मल्ह्या, हात लाव हिला. असं पाणी देऊन दाखव, तुला गुरू करीन."

मल्हारी पटाशी तळहातावर तोलायचा. "लय भारी हाय."

"तुमच्या भट्टीत होईल?"

"आमची भट्टी कुठली, रंग्या!" म्हणायचा आणि दुसरी पुरणपोळी घ्यायचा.

अशा आठ खंडेनवम्या झाल्या.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका जुन्या चौकटीत दडलेला खिळा पटाशीला लागला आणि धारेचा कपचा उडाला. घासून घासून पाणी दिलेलं टोकच झिजून गेलं, आणि धार धरेना. नवं पाणी द्यायला हवं होतं. नाशकातल्या कुणाच्या हाती ती द्यायला रंगनाथचा जीव होईना. शेवटी मखमलीसकट घोटीला गेला.

मल्हारी भात्यापाशी होता. रंगनाथ म्हणाला, "परदेशी पोलाद हाय. तुला जमंल का?"

मल्हारीने पटाशी घेतली. काही विचारलं नाही. विस्तवात धरली, रंगाकडे बघत राहिला, आणि क्षणभरही न घुटमळता तेलात बुडवली. पाण्यात नाही, तेलात. जुन्या ओळखीच्या माणसाला हाक मारावी तसं.

"तुला कसं ठाऊक, हिला तेल लागतं?"

रंगनाथची नजर ऐरणीमागच्या फळीवर गेली. तिथे दहा-बारा नव्या पटाश्या ओळीने. शेजारी एक बोटभर लांबीचा पोलादी ठसा. रंगनाथने तो उचलला, खाली पडलेल्या शिशाच्या तुकड्यावर ठेवला आणि हातोडा घातला.

जर्मनी. एन उलटा.

"हार्डवेअरवाल्यानं इंग्रजी अक्षरं कागदावर लिहून दिली व्हती," मल्हारी म्हणाला. "ठसा उलटा कोरावा लागतो, म्हंजी छाप सुलटा येतो. बाकीची अक्षरं उलटवली. ते एक तसंच राहून गेलं. कुनी वळखलंच नाय."

"माझ्या पोरीनं वळखलं व्हतं." रंगनाथने ठसा ऐरणीवर टाकला. "आठ वर्षं मल्ह्या! माझ्या पाटावर बसून, माझ्या घरचं जेवून, मला येडा बनवलंस?"

"घोटीची म्हनून तू हातात घेतली नाय."

"मग सांगायचं व्हतंस!"

"सांगितलं असतं तर फेकली असतीस."

"फेकली असती! पण मला माहीत तर असतं, मी काय फेकतोय ते! लोकांना वाजवून दाखवत व्हतो रे मी. आन् तू पोळी खात बसला व्हतास."

"तू गुरू करीन म्हनायचास," मल्हारी हळू म्हणाला. "तेवढं ऐकायला यायचो."

रंगनाथ पटाशी न घेता निघाला. बसमध्ये बसल्यावर कळलं, मखमलीचा तुकडा हातातच राहिला होता.

भाद्रपदात एस.टी.च्या कंडक्टरने गोणपाटाची वळकटी आणून दिली. आत तीच पटाशी. जुना छाप घासून काढलेला. त्या जागी नवा, मराठीत: घोटी. दोन्ही अक्षरं सुलटी. रंगनाथने चिठ्ठी शोधली. नव्हती. सुतळी घेतली, पटाशी टांगली, खिळ्याने वाजवली. तोच आवाज.

खंडेनवमीला त्याने हत्यारं मांडली. मंगलाबाई पाट घालत होत्या.

"भिंतीकडचा घालू ना? मल्हारी भावजी येतील ना?"

"नको. मी कळवलं नाय."

"बरं." मग पूजेकडे बघून म्हणाल्या, "पटाशी मात्र मधोमध ठेवलीत."

"ती माझ्याशी खोटं बोलली नव्हती."

मंगलाबाईंनी पाट उचलला आणि परत भिंतीला टेकवून ठेवला.