आत्तींची रोजची संकष्टी

देवघरातलं निर्माल्य मी लगेच विसर्जन करत नाही. परडीत साठवते. फुलं वाळतात, रंग उडतो, पण परडीजवळ गेलं की वास येतोच. किश्शांचंही तसंच होतं बघा. दवाखान्याच्या एका बाकड्यावर बसून बसून माझ्याकडे इतके साठलेत की परवा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "दवाखान्यातनं हसत येणारी तू पहिलीच बघितली गं!"

म्हटलं, बसा वहिनी. चहा टाकते आणि सांगते.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर शाहूवाडीकडचं, भाताच्या शेतांमधलं. गेल्या काही वर्षांत त्यांच्या आठवणीत धुकं उतरलंय. कधी लांबचं झाड स्वच्छ दिसतं, कधी पायाखालची वाटच दिसत नाही. डॉक्टरांनी डिमेन्शिया असं नाव सांगितलं. तेव्हापासून दर मंगळवारी आम्ही वृद्धांच्या ओपीडीत जातो. तिथल्या डॉक्टर मॅडमचा रिसर्च चालू आहे. म्हाताऱ्या माणसांची ताकद आणि आठवण कशी ओसरते, अॅडमिट केल्यावर ती आणखी का गोंधळतात, आणि तो गोंधळ कशानं कमी होतो, हे त्या बघतात.

रिसर्च म्हटल्यावर मी घाबरले होते. मॅडम म्हणाल्या, "काकू, सुई नाही, नवं औषध नाही. थोडं चालायचं, थोडं बोलायचं."

चालायचं आणि बोलायचं! त्यातच तर सगळी गंमत झाली.

*

पहिली टेस्ट चालण्याची. फरशीवर पट्टी चिकटवलेली. तिथपर्यंत जायचं आणि परत यायचं. मॅडम घड्याळ घेऊन उभ्या. "आज्जी, नेहमीच्या चालीनं चाला हं."

घरात आत्ती तुरुतुरु चालतात. इथे त्यांनी आधी डोक्यावरून पदर घेतला. नजर जमिनीवर. एकेक पाऊल असं टाकलं की जणू खाली फुलं पसरलीत. मॅडमचा चेहरा पडला. "फारच हळू चालतायत हो काकू."

आत्ती परत आल्या, खुर्चीवर अंग चोरून बसल्या आणि माझ्या कानाशी लागल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"पाहुणं काय म्हणत्यात? पसंत हाय का?"

*

बाकड्यावर आमच्या शेजारी गारगोटीचे नाना असतात. उभा जन्म म्हशी सांभाळल्या. आता गुडघे थकलेत, वजन उतरलंय. बरोबर त्यांच्या मालकीणबाई, आमच्या काकी.

नानांची हाताच्या ताकदीची टेस्ट होती. मॅडमनी मुठीत धरायचं यंत्र दिलं. "नाना, सगळा जोर लावून एकदाच दाबा. दाबून धरा."

नानांनी यंत्र उलटंपालटं करून बघितलं. मग मांडी फाकवून बसले, यंत्र गुडघ्यांमध्ये धरलं आणि दोन्ही हातांनी सुरू केलं. एकदा डावा, एकदा उजवा. लयीत. डोळे मिटलेले. आम्हाला तर चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज यायला लागला! मॅडम म्हणतायत, "एकदाच, नाना, एकदाच!" नाना कुठले ऐकतायत.

बऱ्याच वेळानं थांबले. यंत्र परत देत मान हलवून म्हणाले,

"आटलीया मॅडम. हिच्यावर वेळ घालवू नका."

*

मंगळवार पेठेतले एक गुरुजी येतात. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. आठवणीच्या टेस्टमध्ये तीन शब्द सांगतात आणि थोड्या वेळानं परत विचारतात. आंबा, खुर्ची, घंटा.

मॅडमनी विचारलं, "गुरुजी, मघाचे शब्द सांगता?"

गुरुजींना एकही आठवेना. पण हार मानतील ते गुरुजी कसले? बाकड्याकडे वळले आणि आवाज चढवला, "कोण सांगेल रे? हात वर!"

आम्ही सगळ्यांनी हात वर केले. काकी तर उभ्याच राहिल्या. सगळ्या बाकड्यानं सुरात म्हटलं, आंबा, खुर्ची, घंटा! गुरुजी मॅडमना म्हणाले, "बघा. वर्गाची तयारी चांगली आहे."

त्याचा प्रसाद मला मिळाला. मी आत्तींसाठी रोज गणपतीचा जप करते. दुसऱ्या दिवशी माळ ओढता ओढता लक्षात आलं, ओठ भलतंच म्हणतायत. आंबा, खुर्ची, घंटा! जीव नुसता गोळा झाला. पुढच्या मंगळवारी मॅडमना सांगितलं, तर त्या हसल्या.

"चालतंय काकू. देवाच्या तरी लक्षात राहील."

*

एकदा आमचा नंबर लागायला उशीर होता. दुपारचं ऊन जाळीतून येऊन फरशीवर हलत होतं. आत्ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या होत्या. एकाएकी त्यांनी पाय वर घेतले आणि म्हणाल्या, "पाय वर घ्या की गं. पाणी सोडलंय शेतात."

मी घेतले. काकींनी घेतले. गुरुजींनी चपला हातात घेतल्या. नाना म्हणाले, "व्हय व्हय, बांधाच्या वरनं चाललंय." आणि त्यांनीही घेतले. सगळं बाकडं पाय वर घेऊन बसलेलं. ऊन खरंच पाण्यासारखं हलत होतं हो. मला तर चिखलाचा गार वास आला.

तेवढ्यात मॅडम आतून आल्या. आमच्याकडे बघितलं, फरशीकडे बघितलं. साडी जराशी वर उचलून, पावलं जपून टाकत पलीकडे गेल्या.

आत्ती समाधानानं म्हणाल्या, "शेतकऱ्याची पोर दिसती."

*

आता मुख्य प्रश्न. दर मंगळवारी मॅडम माझ्याकडे बोट करून विचारायच्या, "आज्जी, ही कोण?"

एकदा उत्तर आलं, "नर्सबाई." एकदा, "आमच्या शाहूवाडीची, विहिरीपलीकडची." एकदा तर, "हिच्या हातचं पिठलं बरं असतंय," एवढंच.

काकी मला कोपरानं ढोसायच्या. "नशीबवान हायस बाई! दर मंगळवारी नवी सून. जुनी झालीसच न्हाईस!"

मी हसायचे. पण खरं सांगते, लग्न होऊन आले तेव्हा मला उपासतापासाचं काही येत नव्हतं. वाती वळण्यापासून मोदकाच्या पाकळीपर्यंत सगळं आत्तींनी शिकवलं. त्यांनी एकदा ओळखावं, एवढंच मागणं घेऊन मी अंबाबाईच्या पायाशी चहातली साखर सोडून आले होते. तिला घाई नसते. मलाही नव्हती.

*

मग थंडीत आत्तींना न्यूमोनिया झाला. अॅडमिट केलं. ताप उतरला, पण त्या पार हरवल्या. सलाईनच्या बाटलीला हळदीकुंकू लावायला निघाल्या!

मॅडम म्हणाल्या, "जागा बदलली की असं होतं. घरच्या वस्तू आणा, चष्मा आणा, तुम्ही जवळ बसा. रोज उठवून थोडं चालवू." त्यांचा रिसर्च याचाच होता. मी चष्मा आणला, आत्तींची तांब्याची पळी आणली, चांदीचा छोटा गणपती आणला.

गणपती बघितला आणि आत्तींनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "आज संकष्टी न्हवं का? चंद्र बघितल्याबिगर खाणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज संकष्टी! घोटभर पाणी, एवढंच. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. चंद्र दिसायचा कुठून?

मॅडमनी मला बाहेर नेलं. "काकू, आता खाल्लं नाही तर उद्या नाकातून नळी घालायला लागेल. त्या ती ओढून काढणार. मग हात बांधायची वेळ येते." मग म्हणाल्या, "मला त्यांचे हात बांधायचे नाहीत हो."

भेटायला आलेले नाना म्हणाले, "त्यात काय! मोबाईलवर दावा की चंद्र." काकींनी लेकाच्या फोनवर भला मोठा पिवळा चंद्र काढून समोर धरला.

आत्तींनी चष्म्यातून निरखून बघितला. "आमच्या चंद्राला बटण नसतंय," म्हणाल्या आणि कूस बदलली.

मला बरंच वाटलं. देवाच्या उपासाला खोटा चंद्र कसा चालेल?

*

आमच्यात एक रीत आहे. म्हाताऱ्या बाईला उपास झेपेना झाला की ती तो सुनेच्या हवाली करते. पळीनं हातावर पाणी सोडते, "आता तू धर," म्हणते. मग तिनं खाल्लं तरी उपास मोडत नाही, तो घरात चालूच राहतो.

मी पुढे झाले. हातावर हात ठेवला. "आत्ती, तुमची संकष्टी मला द्या. मी धरते. तुम्ही दोन घास खा."

"तुला?" त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "कोण, कुठली तू? उपास काय वाटंवर दिऊन टाकायची चीज हाय? सुनंला द्यायचा असतोय. माझ्या सुनंला बोलवा."

"बोलावते," म्हटलं.

बाहेर गेले. व्हरांड्यात डोळे पुसले, कुंकू ठीक केलं, डोक्यावरून पदर घेतला आणि आत आले. "आत्ती, मी आले."

आत्तींनी एक नजर टाकली. ओसरलेली आठवण नेमकी तेव्हाच जागेवर होती!

"तू मघाशीच हितं हुतीस की."

*

योगायोग म्हणा, तुमची मर्जी. त्याच दिवशी खरोखर संकष्टी होती. माझाही उपास होता. आत्तींच्या उशाशी बसून राहिले, चंद्रोदय होऊन गेला तरी खाली जाऊन बघणं झालं नाही. उपास तसाच राहिला.

सकाळी मॅडम लवकर आल्या. नळीचं सामान ट्रॉलीवर होतं. पण आधी म्हणाल्या, "चालवण्याचं चुकवायचं नाही. चला आज्जी."

एका बाजूनं मॅडम, एका बाजूनं मी. पदर डोक्यावर, पाऊल जपून, अगदी मुलगी दाखवायला चालल्यासारखं. वॉर्डाच्या टोकाला पश्चिमेकडचा सज्जा आहे. दार उघडलं. धुकं. कोल्हापूर अजून दुधात बुडालेलं होतं. आणि वर, मावळतीकडे झुकलेला, कडेनं थोडा झिजलेला, वाळलेल्या मोगऱ्यासारखा फिकट चंद्र.

मला तो आधी दिसलाच नाही. आत्तींचे हात जोडलेले दिसले.

"उगवला की गं," त्या म्हणाल्या.

मी धावत जाऊन डबा, पाणी आणि पळी आणली. मऊ भात, वरण, तुपाचा थेंब. आत्तींनी पळीनं वाटीभोवती पाणी फिरवलं, चंद्राला नैवेद्य दाखवला. सज्जातल्या खुर्चीवर बसून हळूहळू जेवल्या. मॅडम कठड्याला टेकून नुसत्या बघत होत्या. ट्रॉली आपली मागे तशीच उभी.

शेवटचा घास त्यांनी खाल्ला नाही. माझ्या हातावर ठेवला. "तू पण उपाशी दिसतीस. तोंड किती सुकलंय." मी तो खाल्ला. मग त्यांनी पळी उचलली. माझा दुसरा हात ओढून घेतला आणि तळव्यावर पाणी सोडलं.

"आता माझ्यानं हुईना. हितनं फुडं तू धर."

पाणी बोटांमधून गळत होतं. मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. मग सवयीनं, पण अगदी हळू आवाजात विचारलं, "आज्जी, ही कोण?"

आत्तींनी माझ्याकडे बघितलं.

"नाव काय ठावं न्हाय बाई," त्या म्हणाल्या. "पर माझी संकष्टी हिच्याकडं हाय."