न्यूमाचा बिनथापेचा सोमवार

न्यूमा रोशॉनने एकतीस वर्षं न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या वस्तीत खेचरगाडी हाकली, आणि त्या एकतीस वर्षांत त्याने पाहुण्यांना इतक्या थापा मारल्या की निवडणुकीला उभं राहणाऱ्यांनीही त्याच्याकडे शिकवणी लावावी. अमुक सज्ज्यातून एक विधवा शत्रूच्या शिपायांना दोरीने सूप सोडायची, तमुक दाराआड एक समुद्री चाचा तीन महिने बाईच्या वेशात धुणी धूत बसला होता. लोक माना डोलवायचे, खेचर शेपटी हलवायचं, सगळं मजेत चाललं होतं. आता न्यूमाचं वय सहासष्ट, गाडी सुटून दोन वर्षं झालेली, आणि एका बाईने त्याला कळवलं होतं की एक अख्खा दिवस माझ्याबरोबर खोटं न बोलता काढून दाखवा, मग लग्नाचं बघू.

बाई म्हणजे मिस क्लोटील गिलरी, ओपेलुसासची. चाळीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून राबलेली. गेल्या वर्षी एका बाप्तिस्म्याच्या जेवणात दोघं शेजारी बसले आणि न्यूमा पार गारद झाला. तिला बोलायचं मोठं वावडं. फोनवर नुसतं 'हं' म्हणायची. पण लिहायला बसली की पानंच्या पानं. वर्षभरात तिने न्यूमाला अकरा पत्रं लिहिली होती. खोट्याची तिला चीड होती ती उगाच नव्हे. तिचा पहिला नवरा असा गोडबोल्या की त्याचं दुसरं बिऱ्हाड तिला थेट त्याच्या अंत्यविधीलाच दिसलं, तेही पहिल्या बाकावर बसलेलं.

थापा न मारणं न्यूमाला जड होतं, पण जमलं असतं. खरी गोम निराळीच होती. न्यूमाला वाचता येत नव्हतं.

आठव्या वर्षी बापाने ऊसतोडीला जुंपला, शाळा तिथेच संपली. मग आयुष्यभर 'चष्मा विसरलो' या दोन शब्दांवर त्याने निभावून नेलं. घराघरावरच्या पितळी पाट्यांवर काय लिहिलंय ते कळायचं नाही, म्हणून तर त्या थापा. आमच्या ट्रेमे वस्तीत हे एकट्या आल्सीदला ठाऊक होतं. आल्सीद न्हावी, न्यूमाचा जिवाभावाचा दोस्त. शनिवारी दुकानाचं शटर ओढून तो मिस क्लोटीलची पत्रं वाचून दाखवायचा, न्यूमा उत्तर सांगायचा आणि आल्सीद ते लिहायचा. बाईला हे सांगायला हवं होतं, पहिल्याच पत्राला. पण सांगायचं राहिलं, आणि राहिलं ते राहिलंच. माणसाला लाज वाटते हो.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळच्या बसने मिस क्लोटील आली. बरोबर मैत्रीण व्हर्ना, जिचं तोंड ओपेलुसास सोडल्यापासून मिटलं नव्हतं. न्यूमा आणि आल्सीद इस्त्रीचे कपडे घालून हजर.

"खिशातला तो चष्मा दे इकडे," आल्सीद वाटेत कुजबुजला होता. "नुसत्या काचा आहेत त्याला. तोही खोटाच धरला जाईल."

न्यूमाने मुकाट्याने चष्मा काढून त्याच्या हातात दिला.

आधी कॉफी. नदीकाठच्या त्या कापडी छपराखाली चिकोरीची कडू कॉफी आणि गरम बेन्ये मिळतात, चौकोनी तळलेले, वर पिठीसाखरेचा डोंगर. तिथे दुसरं काही मागायचंच नसतं, त्यामुळे न्यूमा निर्धास्त होता. मिस क्लोटील काळा झगा घालून आली होती. व्हर्नाला नेमकं तेव्हाच हसू फुटलं आणि तिच्या एका फुंकरीने सगळी साखर मैत्रिणीच्या झग्यावर.

"अगं, आता कुठे लग्नाची नवरी दिसतेस," व्हर्ना म्हणाली. मिस क्लोटीलने मान खाली घातली, पण झगा झटकला नाही, हे न्यूमाने बरोबर टिपलं.

मग चौकात गेले. मध्यभागी घोड्यावरच्या सेनापतीचा पुतळा. व्हर्नाने विचारलं, "खाली काय कोरलंय हो, मिस्टर न्यूमा? तुम्ही वाचा ना, तुमचा आवाज भारदस्त आहे."

एरवी न्यूमा चष्मा विसरला असता. आज विसरायची सोय नव्हती.

"भारदस्त आवाज आल्सीदचा," तो म्हणाला. "चर्चमध्ये तोच वाचतो. वाच रे."

हे खरं होतं. आल्सीदनेही प्रवचनाला उभं राहिल्यासारखी टोपी काढली आणि संघराज्य टिकलंच पाहिजे वगैरे दगडावरचा मजकूर असा काही म्हटला की बाकावरचा एक म्हातारा 'आमेन' म्हणाला.

पण बिनथापेचा न्यूमा म्हणजे अळणी रस्सा. रस्त्यारस्त्याने तो 'हे घर', 'हे दुसरं घर', 'हे पण घर' असं सांगत चालला. व्हर्ना वैतागली. "बाई गं, या माणसाला लोक पैसे देऊन ऐकायचे?"

तेवढ्यात शेजारून एक खेचरगाडी गेली. गाडीवान पंचविशीचा, आणि तो सज्ज्याकडे बोट करून पाहुण्यांना सांगत होता, "याच सज्ज्यातून ती विधवा शिपायांना दोरीने सूप सोडायची. त्यातल्याच एकाशी पुढे तिचं लग्न झालं."

"अगं बाई, किती गोड," व्हर्ना म्हणाली.

मिस क्लोटीलने न्यूमाकडे पाहिलं. "खरंय?"

"नाही," न्यूमा म्हणाला. "माझी थाप आहे. एकाहत्तर सालची. लग्न मात्र मी लावलं नव्हतं, ते या पोराने लावलंय."

मिस क्लोटील हसली. तोंडावर हात न ठेवता, चांगली दात दाखवून हसली. न्यूमाला वाटलं, जिंकलो आपण.

"पण दारावर पितळी पाटी आहे की," ती हळूच म्हणाली. "तिच्यावरचं का नाही सांगितलंत?"

"पाटीवरचं मला कधी सांगता आलं नाही," न्यूमा म्हणाला. शब्दाला शब्द खरा होता, तरी त्याचे कान तापले. आल्सीदला एकदम बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

जेवायला ते ट्रेमेतल्याच एका खानावळीत गेले. वाढणारीने चौघांपुढे पदार्थांची ही मोठी जाडजूड कार्डं ठेवली आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सहासष्ट वर्षांच्या न्यूमाला विचारलं, "काय देऊ रे बाळा?"

मिस क्लोटीलने आपलं कार्ड त्याच्याकडे सरकवलं. "तुम्हीच वाचून सांगा काय काय आहे. मी पाहुणी."

न्यूमाने कार्ड उघडलं, मिटलं, आणि वाढणारीकडे वळला. "सोमवार आहे, आणि सोमवारी तू मला काय देऊ म्हणून विचारतेस? तुझ्या आईला कळलं तर काय म्हणेल?"

वाढणारी ओशाळली. सोमवारी आमच्या शहरात राजमा-भात, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. चार ताटं आली, राजमा मऊ गळलेला, वर सॉसेजचे जाड तुकडे. मिस क्लोटीलने दोनदा घेतलं. सोमवारने वाचवलं खरं, पण न्यूमाला घास गिळवेना. दिवसभर एक शब्द खोटा बोललो नाही, आणि तरी आपण हिला फसवतोच आहोत, हे त्याला आता चांगलंच बोचायला लागलं होतं.

दुपारी ते बोटीने नदीपलीकडे अल्जिअर्सला गेले. वाऱ्यावर व्हर्नाची टोपी उडाली आणि आल्सीदने ती पकडली, तेव्हापासून ती दोघं रेलिंगशी उभी राहून एकमेकांना टोमणे मारत होती. न्यूमा कोपऱ्यातून मिस क्लोटीलकडे बघत होता. ती बाकावर एकटी बसली, पिशवीतून कागद काढला आणि मांडीवर घेऊन लिहू लागली. बरंच लिहिलं. मध्येच थांबून नदीकडे बघायची, मग पुन्हा लिहायची. शेवटी पाकीट चिकटवलं.

"उत्तर लिहिताय?" न्यूमाने जवळ जाऊन विचारलं.

"हं," ती म्हणाली. "तोंडाने मला नाही सांगता येणार. बस सुटताना देईन."

परतीच्या बोटीवर न्यूमाने आल्सीदला गाठलं आणि पत्राचं सांगितलं.

"मग अडलंय कुठे?" आल्सीद म्हणाला. "ती बसमध्ये चढली की दे माझ्याकडे. पाच मिनिटांत वाचून दाखवतो. हो असेल तर लग्न ठरलं, नसेल तर दारू मी पाजतो."

ऐकायला हे अगदी सोपं होतं.

सहाची बस लागली. व्हर्ना प्रालीनच्या गोड वड्यांचा पुडा छातीशी धरून आत जाऊन बसली आणि खिडकी उघडून टाकली, काही ऐकायचं राहायला नको म्हणून. आल्सीद चार पावलं लांब शेंगदाणे सोलत उभा. मिस क्लोटीलने पाकीट पुढे केलं.

"एवढं कबूल करा," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तुम्ही एकट्यानेच वाचायचं. दुसऱ्या कुणाच्या दृष्टीला पडायला नको. असं मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही."

हो म्हणायचं होतं नुसतं. बस गेली असती, आल्सीदने वाचलं असतं, तिला सात जन्मांत कळलं नसतं. न्यूमाने पाकीट घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"मिस क्लोटील," तो म्हणाला, "मला वाचता येत नाही."

"चष्मा..."

"चष्म्याचं काही नाही. अक्षरच येत नाही. कधीच येत नव्हतं."

"माझी पत्रं?" तिने विचारलं.

"आल्सीद वाचायचा."

"सगळी?"

"सगळी."

"माझ्या गुडघ्याचं लिहिलेलं पण?"

"ते दोनदा वाचायला लावलं. मला काळजी वाटली होती."

मिस क्लोटीलने आल्सीदकडे पाहिलं. एवढा शिकलेला माणूस, पण त्याला शेंगदाणा सोलायचा कसा तेच सुचेना.

"आणि उत्तरं?"

"बोललो मी, लिहिली त्याने. तुम्हाला पडसं झालं होतं तेव्हाचं, सूप घेऊन यावंसं वाटतं, ते माझं. तुमच्या हसण्याचं, ते माझं. कोळंबीच्या भावाचं मात्र त्याच्या पदरचं."

"तरीच," ती म्हणाली. "दोन पानं कोळंबी."

न्यूमाला हसावं की नाही कळेना. ती हसत नव्हती.

"आज दिवसभर तुम्ही एकदाही खोटं बोलला नाहीत," मिस क्लोटील म्हणाली. त्या दिवसातलं तिचं सगळ्यात लांब बोलणं ते. "मी लक्ष ठेवून होते. पण खरंही बोलला नाहीत. चौकात नाही, पाटीपाशी नाही, जेवताना नाही. माझा नवरा असाच होता. त्याचंही एकेक वाक्य धरलं तर खरंच असायचं."

"खरंय," न्यूमा म्हणाला. "लाज वाटली मला. दुसरं काही कारण नाही. हे घ्या परत. ज्याला लिहिलंत तो मी नव्हेच."

त्याने पाकीट तिच्या हातात ठेवलं. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. व्हर्ना खिडकीतून म्हणाली, "क्लोटील, काय ते एकदाचं बोल, नाहीतर चढ."

मिस क्लोटीलने पाकीट फोडलं. कागद उघडला. ओठ हलले, आवाज आला नाही. आजूबाजूला माणसं, आत अख्खी बस खिडक्यांना चिकटलेली. ती न्यूमाच्या शेजारी येऊन उभी राहिली, दोघांना दिसेल असा कागद धरला आणि सगळ्यात वरच्या छोट्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"हा बघा," ती म्हणाली. "हा शब्द 'हो' आहे."

तिने तो नीट मोठ्याने म्हटला. बसमधल्यांनी ऐकला, ड्रायव्हरनेही ऐकला.

न्यूमाने त्या शब्दाकडे पाहिलं. इतका लहान असेल असं त्याला वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं आणि तोही शब्द पुसट झाला.

"आणि खाली?" त्याने विचारलं. "खाली तर पानभर आहे."

"ते मी म्हणून दाखवणार नाही," मिस क्लोटील म्हणाली. "तुम्ही वाचायचं. नाताळपर्यंत वेळ देते. मी दर रविवारी येईन, अक्षरं घेऊन. आणि त्या माणसाला विचारायचं नाही."

कागद त्याच्या हातात देऊन ती बसमध्ये चढली आणि मागे वळून न बघता व्हर्नाच्या शेजारी जाऊन बसली. बस वळणाआड गेली तसा आल्सीद शेंगदाण्याची टरफलं झटकत आला.

"काय रे, काय लिहिलंय? दे इकडे."

न्यूमाने कागदाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"पहिला शब्द 'हो' आहे," तो म्हणाला. "पुढचं मला कळलं की तुला सांगतो."