वहिनीने उसवलेला लॅपटॉप

आमची वहिनी शिवणकाम करते, आणि जगातली प्रत्येक वस्तू कुठून तरी उसवता येते यावर तिचा ठाम विश्वास आहे. लग्नानंतर तिने आधी माझ्या थोरल्या भावाचा कोट उसवला, मग सोफा, आणि पुढे हळूहळू त्याचा स्वभाव. तिन्ही पुन्हा जोडल्यावर पहिल्यापेक्षा बरे झाले, हे मान्य करावंच लागेल. तरीही त्या शनिवारी ती शिलाई मशीनचा बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या पुतणीच्या लॅपटॉपसमोर बसली, तेव्हा माझा घास हातातच राहिला.

पुतणीला घरात सगळे खारूताई म्हणतात, कारण ती सदैव काहीतरी कुरतडत असते. ती फर्निचरचं डिझाइन शिकायला लागली होती. लॅपटॉप स्वस्तातला, पाटीएवढा. तो चालू करून ती अंघोळीला जायची. परत येईपर्यंत त्याला जाग आलेली असली तर नशीब. चित्र काढायचा प्रोग्रॅम उघडायला सांगितला की आतला पंखा नुसता धापा टाकायचा आणि पडदा गोठायचा. सोमवारी सकाळी मॅडम प्रत्येकाच्या लॅपटॉपवर चित्र उघडून बघणार होत्या. ज्याचं उघडणार नाही, त्याची वर्गातली जागा प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती. खारूताईने कुरतडणं बंद केलं होतं, यावरूनच घराला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

लॅपटॉपचा दुकानदार वहिनीला म्हणाला होता, "मेमरी वाढवा, जुनी डिस्क काढून नवी वेगवान टाका. ओळखू येणार नाही. ठेवून जा, बुधवारी या."

"सोमवारी सकाळी हवाय."

"मग अवघड आहे, ताई."

"अवघड काय त्यात? सामान द्या, मी बसवते."

पेशंटला घरीच कापायला नेतायत असा चेहरा करून त्याने सामान दिलं, आणि बजावलं, "अंगात वीज साठलेली असते. आत हात घालण्याआधी नळाला हात लावा."

वहिनीने नळाला हात लावला आणि एका कापडावर खडूने लॅपटॉपच्या पाठीचा आकार काढला.

"अगं, तो ब्लाउज नाहीये," भाऊ म्हणाला.

"म्हणूनच सोपा आहे. हा घालून कुणी आरशासमोर उभं राहून तोंड वाकडं करणार नाही."

निघालेला प्रत्येक स्क्रू आधी तिच्या डाव्या मनगटावरच्या, टाचण्या धरून ठेवणाऱ्या चुंबकी पट्ट्याला चिकटायचा आणि तिथून खडूच्या चित्रात आपापल्या जागी जायचा. सगळे निघाले, तरी पाठ सुटेना. वहिनीने डोळे मिटून बोटं फिरवली. "इथे लपवलेली शिवण आहे," असं म्हणून तिने रबराचा एक पाय उचकटला. खाली खरोखरच एक स्क्रू होता. मग तिने कडेत नख घातलं आणि कडकड असा आवाज झाला. भावाने डोळ्यांवर हात घेतला. मी पाणी मागितलं, पण आणायला कुणीच उठलं नाही.

जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवून घेणं खारूताईला येत होतं. तेवढं तिने केलं. मेमरी बसली, डिस्क बसली, पाठ शिवली गेली. बटण दाबलं आणि ती सवयीने टॉवेल घ्यायला उठली.

"बस. उघडलासुद्धा," भाऊ पुटपुटला.

प्रोग्रॅमही उघडला. पडद्यावर तिने काढलेली खुर्ची गर्रकन फिरली. वहिनी पुढे झाली. शिवताना कापड दाबून धरते तसा डावा पंजा तिने कीबोर्डच्या बाजूला दाबून ठेवला, उजव्या बोटाने खुर्ची दाखवत म्हणाली, "हीच का ती?"

पडदा काळा झाला.

तिने दचकून हात काढला. थोड्या वेळाने खुर्ची परत आली. पुन्हा हात ठेवला, पुन्हा अंधार. भावाने हात ठेवला, मी ठेवला; काही नाही. वहिनी नळाला हात लावून आली, तरी तेच.

"ती जवळ आली की माझंही असंच होतं," भाऊ म्हणाला. कुणीही हसलं नाही.

"मी आत काहीतरी उलटं जोडलंय," वहिनी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

खारूताईने लॅपटॉप छातीशी धरला. "आई, सोमवार होईपर्यंत तू जवळ येऊच नकोस."

रविवारभर वहिनी दारातूनच बोलली. संध्याकाळी ती मनगटावरचा पट्टा टेबलावर काढून ठेवून भांडी घासायला गेली. टेबल आवरताना खारूताईने तो उचलून कीबोर्डच्या बाजूला ठेवला. पडदा काळा. आम्ही तिघांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"आता तर ती खोलीतही नाही," भाऊ घाबरून म्हणाला.

खारूताईने पट्टा उचलला; उजेड. ठेवला, अंधार. ती बराच वेळ तसंच करत बसली आणि मग धावत आत गेली. "आई, झाकणात चुंबक असतो. त्यावरून लॅपटॉपला कळतं की झाकण मिटलं, आता झोपायचं. तुझ्या पट्ट्यामुळे त्याला तसंच वाटत होतं."

"म्हणजे मी बिघडवलं नाही?"

"नाही."

"मग कालपासून मला दारात उभं का केलंस?"

खारूताईने आईचा ओला हात धरून तिला बाहेर ओढून आणलं, स्टूल लावलं आणि खुर्ची सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवली. वहिनी आपले हात मांडीत घट्ट धरून बसली होती. कळलं होतं, पण भरवसा अजून बसला नव्हता.

सोमवारी वहिनी सकाळपासून मशीनवर होती. फोन वाजला तेव्हा तिने तो भावाकडे सरकवला.

"उघडलं," पलीकडून खारूताई म्हणाली. तोंडात काहीतरी होतं, कुरतडण्याचा आवाज स्पष्ट येत होता. "जागा माझीच राहिली. आईला सांगा."

भावाने सांगितलं. वहिनी नुसती मान हलवून खिडकीच्या पडद्याची लांबलचक कड शिवत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, भरधाव. भाऊ वाकून बघत हळूच म्हणाला, "अगं, सुईत दोरा नाहीये."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. "चालू दे थोडा वेळ."