माननीय मामाचा तलाव

जेवणाचं ताट बाजूले सारून टाइप करून राह्यली, कारण हे आत्ताच सांगितलं नाई तर उद्यापर्यंत मी त्यात मनाचं काहीबाही घालून टाकीन.

आमची चार जणायची नाटक मंडळी आहे. चंद्रपूरहून निघतो, गडचिरोलीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत जातो अन् तिथलाच इतिहास तिथल्या पोट्ट्यायले दाखवतो. यावेळचं नाटक तलावावर, अन् ते लिहिलं मी. आज पहिला प्रयोग होता. केंद्रप्रमुख सर पाहाले येऊन बसले होते. त्यायले पटलं तर आजूबाजूच्या सगळ्या शाळांत परवानगी, नाई तर सामान बांधून घरी.

नाटकातली गोष्ट अशी, का दुष्काळ पडते, भाची पाण्यासाठी रडते, अन् तिचा मामा एकटा कुदळ घेऊन तलाव खोदते. म्हणून मामा तलाव. हे मले माझ्या सख्ख्या मामानं लहानपणी सांगितलं होतं. त्याच्या गावच्या तलावाच्या पाळीवर उभा राहून तो म्हणे, "पाटी वाच. माझाच आहे हा." पाटीवर होतं, मा. मा. तलाव. मी वाचलं, माननीय मामा. मनात पक्कं बसलं.

तर वऱ्हांड्यात प्रयोग चालू. मी भाची. आमच्या मंडळीतला भाऊ मामा झालेला, तो घाम पुसून पुसून कुदळ मारून राह्यला. तितक्यात शाळेतली खिचडी शिजवणारी बाई दारात उभी राहून हासाले लागली. आमच्या भाऊले लोकायशी बोलायची सवय, तो तिथूनच म्हणाला, "काऊन हासता बाई? माणूस मरून राह्यला इथी."

"कोनाचा मामा जी?" बाई म्हणाली. "मामा म्हणजे माजी मालगुजारी. पाटीवर तेवढं मावत नाई, म्हणून मा. मा."

पोट्टे हासले. भाऊनं कुदळ खाली ठेवली अन् मामाच्याच आवाजात मले विचारलं, "भाची, तुले ठाऊक होतं का हे?"

"नाई मामा."

अख्ख्या नाटकात सगळ्यात जास्त हासू याच वाक्याले आलं. सर मात्र काही लिहीत होते, ते थांबले. मले वाटलं, गेली परवानगी. मग मी बाईलेच विचारलं, तलाव खोदला कोनं?

"नाव मालगुजाराचं, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचं. माती गावानं वाहिली. आम्ही ढिवर, आमच्या सासऱ्याचा आजा होता त्यात. माती टाकली का तिच्यावर बैल फिरवत, पाळ दाबून बसावी म्हणून. आम्ही अजून तिथीच मासोळ्या धरतो."

मी आठ पोट्टे उठवले, चार जोड्या केल्या अन् सतरंजीवर बैल फिरवले. बाई चमचा हलवून सांगे, "अरे, हळू. बैल असे पळतात का?" घंटी वाजेपर्यंत पाळ दाबणं चाललं.

सर म्हणाले, "लिहिलेलं चुकीचं आहे, अन् बरोबर होतं ते लिहिलेलं नाई. सोमवारी लिहून आणा. मग परवानगीचं पाहू."

एसटीत भाऊ तोंड पाडून बसला. "माझ्या मामाचं काय?"

"तू मालगुजार हो. खाटेवर बसून हुकूम सोड."

"अन् कुदळ?"

"कुदळ गावाले."

मग मी माझ्या सख्ख्या मामाले फोन लावला. आज काय झालं ते ऐकून तो म्हणाला, "तू अजून ते खरं धरून होती? मी तर गंमत केली होती बापा." अन् इतका हासला का मामीनं फोन घेतला.

सोमवारसाठी नवीन नाटक सुरू केलं आहे. पहिलं वाक्य बाईचंच, "कोनाचा मामा जी?" पुढचं अजून लिहून व्हायचं आहे. पण आधी मले सांगा, तुमच्या घरच्या कोन्या मोठ्या माणसानं अशी एखादी गंमत केली होती का, जी तुम्ही खरी समजून चार लोकायसमोर बोलून बसले? का मीच एकटी आहे?