भीतीला सोडलेली बाजू

दरवर्षी दिवाळी झाली की आई-दादा ऊसतोडीला निघायचे आणि मी सिरसाळ्याच्या फाट्यावर उभी राहून ट्रॅक्टरकडे हात हलवायचे. मी जर्मनीला निघाले त्या वर्षी उलटं झालं. जीपमध्ये मी आणि फाट्यावर ते दोघं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बॅगेची दोरी तीनदा सोडून तीनदा बांधली. आई म्हणाली, "भ्या वाटलं तर वाटू दी. पर मागं फिरू नको."

अंबाजोगाईला नर्सिंग शिकणाऱ्या पोरींनो, तुम्ही आता जर्मनीचं ठरवताय म्हणून हे लिहितेय. भाषेचा बाऊ करू नका. मी इंग्रजीवरून जर्मन शिकले. शंका आणि भीती घालवायच्या क्रियापदांनीच वहीची दोन पानं भरली. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी 'डिस्पेल'वर भागायचं. जर्मन माणूस मात्र लई शिस्तीचा! शंका 'त्सेअरश्ट्रॉयन', म्हणजे विखरून टाकायची, नाहीतर 'आउसरॉयमन', खोलीतलं सामान काढावं तशी बाहेर काढायची. भीती 'फेरट्रायबन', हुसकावून लावायची. समोरच्या माणसाची असेल तर 'नेमन', सरळ त्याच्याकडून घ्यायची. मी सगळी तोंडपाठ केली आणि स्वतःवर खूश झाले.

मग परीक्षा आली. इथे नर्स म्हणून मान्यता मिळवायला खऱ्या पेशंटसमोर काम करून दाखवावं लागतं. दोनदाच संधी, दुसऱ्यांदा नापास म्हणजे गाशा गुंडाळून परत. गुडघ्याच्या ऑपरेशनला घाबरलेल्या एका आजोबांवर मी सगळी क्रियापदं ओतली. त्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी नापास.

फोनवर ढसाढसा रडले. आईला जर्मन क्रियापदं काय सांगणार? तरी सांगितली. तिनं सगळं ऐकून विचारलं, "चारी बाजूनं घेरलंस व्हय गं त्याला?"

मला एकदम सुट्टीत आई-दादांकडे गेले की बघायचे तो उसाचा फड आठवला. तोडता तोडता उसाचा शेवटचा पट्टा उरला की कधी कधी रानडुक्कर त्यातच दबून बसलेलं असायचं. टोळीतली नवी माणसं कोयते घेऊन गोल करायची आणि आई ओरडायची, एक बाजू सोडा. डुक्कर त्याच्या वेळेनं तिकडून निघून जायचं. घेरलं असतं तर अंगावरच आलं असतं.

दुसऱ्या परीक्षेत ऑपरेशनला घाबरलेल्या एक आजी होत्या. मी खुर्ची बाजूला घेऊन बसले, कशाची भीती वाटते एवढंच विचारलं आणि गप्प राहिले. परीक्षक घड्याळ बघत होते. बऱ्याच वेळानं आजी बोलल्या. त्यांचे यजमान भूल दिल्यावर परत उठलेच नव्हते. तेव्हाही मी घाबरू नका म्हटलं नाही. ऐकत राहिले. शेवटी त्यांनीच विचारलं, उद्या किती वाजता न्यायचंय? मी पास झाले, आणि चांगली पास झाले.

आता जर्मनीतल्या या गावात माझी भाड्याची खोली आहे, वॉर्ड आहे, भांडायला मैत्रिणी आहेत. तरी घर कुठं म्हटलं की तोंडातून बीडच येतं. मी निघायच्या वर्षी भावकी माझ्या लग्नासाठी हात धुऊन मागे लागली होती. पोरगी एवढ्या लांब कशापायी धाडता, म्हणून सगळे दादांना धरून बसले. दादा कुणाशी भांडले नाहीत. गुपचूप मला पासपोर्टचा फॉर्म भरायला घेऊन गेले.

परवा आईला विचारलं, मला पाठवताना तुला भीती वाटली नाही का?

"लई वाटली. अजून वाटती," ती म्हणाली. "म्हणून काय तुझी वाट अडवू?"