दारातली दुसरी चूल

शनिवारी सकाळी कोरेगाव मागं पडलं आणि पावसानं जो जोर धरला, तो सोडेचना. कॅम्परव्हॅनच्या टपावर नुसता ताशा वाजत होता.

गाडीत आम्ही तिघं. नवरा नितीन स्टिअरिंगवर, मागच्या सीटवर सासूबाई, आणि मी घडीत पुढे, घडीत मागे. नितीनच्या मित्रानं भाड्यानं द्यायला म्हणून ही झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी घेतलीये, तिच्यातून आईंना सांगलीला त्यांच्या बहिणीकडे न्यायचं, हे झालं सांगायचं कारण. खरं कारण निराळं होतं.

आम्ही साताऱ्यातच एक छोटा फ्लॅट घेतलाय. भांडण नाही, तंटा नाही, आईंजवळ दीर-जाऊ आहेतच. पण लग्न झाल्यापासून त्यांच्या स्वयंपाकघरात वावरल्यावर मला माझं एक स्वयंपाकघर हवं होतं, एवढंच. मिसळणाच्या डब्यात मधल्या वाटीत मोहरीच का, जिरं का नाही, हे विचारायचीसुद्धा सोय नाही हो आमच्याकडे!

घरात फ्लॅटचं नाव काढायचं नाही म्हणून आम्ही दोघं त्याला 'तिकडं' म्हणायचो. "तिकडं पंखे लागले का?" "तिकडं पाणी किती वाजता येतं?" कितीतरी दिवस हेच चाललेलं, कुजबुजत.

आता आईंना सांगायचं कसं? त्या रागावल्या की बोलत नाहीत. उठतात, देवघरात जातात आणि दार लावून घेतात. म्हणून गाडीत सांगायचं ठरलं... गाडीत देवघर नाही. ही आयडिया नितीनची.

पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? रहिमतपूर आलं आणि गेलं. मी आरशातून खुणावतेय आणि हा रस्त्यावरचे खड्डे मोजतोय. पुसेसावळीला चहाला उतरलो तर मला बाजूला घेऊन म्हणतो, "तूच सांग ना, तुझं ऐकते ती." मी म्हटलं, आई कुणाची? माझा चहा तसाच राहिला.

पुढे मी कितीदा तरी तोंड उघडलं आणि दर वेळी भलतंच काहीतरी बोलले. "आई, खिडकी लावू का?" "आई, पाठीला उशी देऊ?" शेवटी त्याच वैतागल्या, "अगं, एका जागी बस की! विंचू चावल्यासारखी काय करतेस?"

कडेगावच्या अलीकडे ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी चाललं होतं. इकडे एवढा पाऊस नसतो खरं तर... उसाला लागून एक घर दिसलं, त्याच्या अंगणात गाडी घेतली. घरातल्या बाईंनी सोप्यातूनच हात केला, "लावा, लावा. पानी उतरस्तवर कुटं जाताय?"

पाणी काही उतरेना, भूक मात्र लागली. मी गाडीतली छोटी शेगडी पेटवली आणि पिठलं करायला घेतलं. आई मांडीवर हात ठेवून बसलेल्या. मी फोडणी करतेय आणि त्या नुसत्या बसून आहेत, असं आमच्या घरात कधी झालंच नव्हतं. त्यांनाही चैन पडत नव्हतं, सारख्या मान उंच करून बघायच्या.

फोडणीचा वास सोप्यापर्यंत गेला असणार. त्या बाई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन तरातरा आल्या आणि गाडीच्या दारातूनच आईंना म्हणाल्या, "आवं मावशी, ह्ये काय? माज्या दारात दुसरी चूल? आमी काय भांडून येगळं निगालोय व्हय? बंद करा ती. भाकरी झाल्यात माज्या, समदी घरात चला."

वेगळी चूल! माझा हात पिठल्यातच थांबला. नितीन पुढे बसून बंद वायपरकडे टक लावून बघत होता.

आई शांतपणे म्हणाल्या, "पेटू दे, बाई. तिकडं गेल्यावर रोज तिलाच पेटवायचीये... हात बसू दे."

तिकडं!

मला एकदम रडूच फुटलं. कसंबसं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही नीट बोलता तेव्हा मला ऐकू येत नाही, कुजबुजता तेव्हा सगळं येतं," त्या म्हणाल्या. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतंय होय? वाट बघत होते, आपणहून कधी सांगताय..." एवढं बोलताना त्यांचा आवाज हलला. मला फार वाईट वाटलं.

त्या उठल्या. जायला देवघर नव्हतं. माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गॅस बारीक कर, खाली लागतंय."

लागलंच होतं. तेच पातेलं घेऊन आम्ही बाईंच्या घरात गेलो, त्यांच्या भाकरी आणि आमचं पिठलं. बाई हसत म्हणाल्या, "जरा करपलंय, पर लय ब्येस झालंय." मग पाणी उतरलं आणि आम्ही सांगलीला पोचलो. त्या रस्त्यात मी एका जागी बसले होते.

काल सामान हलवलं. आईंनी नवाकोरा मिसळणाचा डबा हातात ठेवला. रिकामं भांडं देऊ नये म्हणून एका वाटीत चिमूटभर साखर, बाकी सगळ्या वाट्या रिकाम्या. म्हणाल्या, "मधल्या वाटीत काय घालायचं, ते तुझं तू ठरव."

आज सकाळी डबा भरायला बसले. आणि मधल्या वाटीत मोहरीच गेली की हो... हाताला तीच सवय.

थँक यू, आई.