साडूंनी अमेरिकेला जेवायला बसवलं

पोलंड आणि अमेरिका या दोन देशांतला खरा फरक साऱ्या अंबरनाथ पश्चिमेत जर कुणाला कळला असेल, तर तो एकट्या आमच्या थोरल्या साडूंना. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना. मूळचे बदलापूरजवळच्या गावातले, घरची भातशेती. नोकरी झाली इथल्या कारखान्यात, फिटर म्हणून. मुलगी लग्न होऊन पोलंडला गेली, मुलगा अमेरिकेला, आणि निवृत्तीनंतर साडू दोन्हीकडे तीन-तीन महिने राहून आले. लोक परदेशातून फोटो आणतात, साडू निकाल घेऊन आले. पुतळे, राजवाडे, धबधबे त्यांनी काही म्हणता काही पाहिलं नाही. पाहिली ती फक्त माणसांची ताटं.

पोलंडवर त्यांचा जीव पहिल्या दुपारीच जडला. तिथे मोठं जेवण तीन-चारच्या सुमाराला. आधी सूप, मग उकडलेले बटाटे, मांसाचा तुकडा, बाजूला आंबवलेला कोबी आणि प्यायला फळं उकळून केलेलं गोडसर पाणी. संध्याकाळी पाव, चीज, खारवलेली काकडी, की दिवस संपला. "आंबट खाणारी माणसं लबाड नसतात," हे साडूंचं मत तिथलंच. मुलीची सासू तर आग्रहात आपल्या बायकांना मागे टाकणारी. ताटात जरा जागा दिसली की "येत्स, येत्स!" म्हणजे त्यांच्या भाषेत "खा, खा!" आमच्या ताईला, म्हणजे साडूंच्या बायकोला, वाटलं की विहीणबाई "येतेस?" असं विचारतायत. ती बिचारी चौथ्यांदा वाढलेले बटाटे तसेच टाकून उठली आणि कोट घालून दारात जाऊन उभी राहिली. एकदा पावाचा तुकडा खाली पडला, तर विहीणबाईंनी तो उचलून त्याचा मुका घेतला. साडूंचे डोळे भरून आले. सांडलेलं भाताचं शीत कपाळाला लावणारा हा माणूस. त्याला इतक्या लांब सख्खी बहीण भेटली.

"पण मोठी गोष्ट काय, पाव्हणं," ते मला सांगायचे, "सगली बसल्याशिवाय कोण चमचा उचलीत नाय."

असा माणूस पुढच्या वर्षी अमेरिकेत उतरला. तिथे फ्रिज कपाटाएवढा, पण जेवणाच्या टेबलावर पार्सलांचे खोके. मुलगा गाडी चालवता चालवता खायचा, सून लॅपटॉपसमोर पालापाचोळ्याचा वाडगा घेऊन, दहा वर्षांची नात सोफ्यावर दुधात भिजवलेलं काहीतरी. हॉटेलात एका माणसाला अख्खं बिऱ्हाड जेवेल एवढं वाढायचे, निम्मं खोक्यात भरून परत. पेल्यात पाण्यापेक्षा बर्फ जास्त. "ताट पैलवानाचं आणि घाई चोराची," साडू म्हणाले.

आठव्या दिवशी त्यांनी कारखान्यातलं जुनं हत्यार बाहेर काढलं. संप.

"मी एकटा नाय जेवणार. लॉजवर उतरलोय काय मी?"

"बाबा, इथे प्रत्येकाची वेळ वेगळी असते," मुलगा वैतागला. "तुम्ही घ्या ना जेवून."

"सगली बसतील तवा बोलव."

दोन दिवस त्यांनी ताटाला हात लावला नाही. ताईने बॅगेतून नेलेला चिवडा या काळात निम्म्यावर आला, पण संपात तेवढं चालतं. तिसऱ्या दिवशी नातही आजोबांच्या बाजूने संपावर गेली आणि मालकपक्ष कोसळला.

त्या संध्याकाळी सहाला सगळे घरी. साडूंनी बिटाचं पोलिश सूप केलं, ताईने तांदळाच्या भाकऱ्या, आणि तोंडी लावायला साडूंनी सुके बोंबील भाजायला घेतले. पहिल्या बोंबलाला डाग पडतोय तोच छतावरचा धुराचा भोंगा किंचाळायला लागला. पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. सून खिडक्या उघडत पळतेय, मुलगा स्टुलावर चढून टॉवेल फडकावतोय, आणि शेजारी एकटे राहणारे म्हातारे गृहस्थ आग विझवायचं नळकांडं घेऊन दारात हजर! साडूंनी त्यांच्या हातातून नळकांडं काढून घेतलं आणि भाकरी ठेवली. "बस," म्हणाले. शुद्ध मराठीत. म्हातारा बसला. सगळेच बसले. आधी सूप, मग बाकीचं. लसणाच्या चटणीने म्हातारा लालबुंद झाला, घटाघटा पाणी प्यायला, आणि त्याने आणखी एक बोंबील मागितला. दीड तास कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला फोन. "पाव्हणं, अमेरिका बसवली!"

पुढे ते परत येईपर्यंत त्या टेबलावर रोज पाच माणसं जेवली, आणि शनिवारी सहावा तो शेजारचा म्हातारा. ही विजयकथा साडू इथे ज्याला त्याला ऐकवतात. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या त्यांच्या सिंधी दोस्ताचा मुलगाही तिकडेच असतो. तो सगळं ऐकून घेतो आणि दर वेळी म्हणतो, "साईं, एक बार हमारे लड़के के घर भी जाके आओ ना."

एक गोष्ट मात्र साडू सांगत नाहीत. ती मला ताईने सांगितली. संपाच्या दुसऱ्या दिवशी मुलगा चिडून म्हणाला होता, "बाबा, लहानपणी आम्ही तरी कुठे एकत्र जेवलो? तुम्ही कायम सेकंड शिफ्टला." साडू उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

गेल्या महिन्यात दुपारी अडीचला मी त्यांच्याकडे गेलो. ताई डॉक्टरकडे गेली होती. दोन ताटं झाकून साडू टेबलाशी बसलेले.

"तुम्हाला साखर आहे, जेवून घ्या," मी म्हटलं.

"येईल ती."

पावणेचारला ताई आली आणि दारातूनच ओरडली, "अजून थांबलात? आमटीचं पार पाणी झालं असेल!"

साडू उठले, आमटी गरम केली, आधी तिच्या ताटात वाढली. मग आपल्या भातात बोटं घालून, तिचा पहिला घास होईपर्यंत, नुसता भात कालवत बसून राहिले.